आधी दुसऱ्याने गप्प बसावे

कैलासवासी आईचा आवाज टिपलेली एकच कॅसेट आमच्या घरी उरली आहे. आवाज अगदी क्षीण. चिरंजिवांनी तिच्यासाठी एलएम ३८६ या चिमुकल्या चिपवर ध्वनिवर्धक रचला. त्याला वाटा दोन, रेडिओची आणि कॅसेटची. प्रत्येक वाटेवर एक रोधक आणि पुढे पहारेकरी ट्रँझिस्टर. त्याच्या बेसला सुमारे ०.६ व्होल्ट मिळाले, की तो त्या वाटेचा आवाज अर्थकडे वळवतो.

मी म्हटले, “गुणक वीसवरून दोनशेवर न्या की!”

“बाबा, मग खरखरही वाढेल. आधी रेडिओ गप्प हवा.”

वाचकहो, मराठीच्या मास्तराला हे पटले. हळू बोलणाऱ्या माणसांसाठी घरोघरी असा एक ट्रँझिस्टर हवा!