चित्रकाराचा प्रवास आणि आपलें अंगण



दोन वर्षांपूर्वीं आपल्या शाळेच्या चित्रकला-स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग मजवर आला. विषय होता 'माझें गांव'. मेजावर मांडलेल्या बहुतेक कागदांवर एकच गांव होतें : दोन निळे डोंगर, त्यांच्या खिंडींतून वर येणारा लाल सूर्य, खालीं नदी, नदींत होडी आणि तीरावर वांकलेलें नारळाचें झाड. आपलें गांव पठारावर वसलेलें. येथें होडी कोणी पाहिलेली नाहीं, आणि नारळ दिसतो तो वाण्याच्या दुकानांत. तरीहि त्यांतलेंच एक सुबक चित्र आम्हीं पहिल्या बक्षिसास निवडलें.

त्याच गठ्ठ्यांत एक निराळें चित्र होतें. उंबऱ्यावर बसलेली एक म्हातारी सुपांत ज्वारी निवडीत आहे. सूप तिच्या डोक्याहून कितीतरी मोठें, आणि पावलें तर भलतींच मोठीं. 'प्रमाण चुकलें आहे' असा शेरा मीं स्वतः त्यावर लिहिला. पुढें कांहीं महिन्यांनीं त्या मुलाच्या घरीं जाण्याचा योग आला. दारांतच त्याची आजी सूप घेऊन बसली होती. जन्मभर शेतांत अनवाणी राबल्यामुळें तिचीं पावलें खरोखरच रुंद, सुजलेलीं व भेगाळलेलीं होतीं. चूक माझी होती. मीं त्या मुलाची चित्रकलेची वही पाहावयास मागितली. स्पर्धेनंतरच्या प्रत्येक पानावर दोन डोंगर आणि मधें सूर्य होता !

हा लेख मी त्या वहीमुळें लिहीत आहें.

चित्रकारास स्फूर्ति हवी असेल तर त्यानें हिमशिखरें पाहावीं, समुद्र पाहावा, परदेश हिंडावे. आमच्या गल्लींत काढण्याजोगें आहे तरी काय, असा समज पालकांत व मुलांत सारखाच रुजलेला आढळतो. माझ्या मतें हा समज अर्धाच खरा आहे. तो कसा, हें दाखविण्यासाठीं पुष्कळ प्रवास केलेल्या एका चित्रकर्त्रीचें उदाहरण घेऊं.

अमृता शेरगिल हिचा जन्म १९१३ साली बुडापेस्ट येथें झाला. वडील शीख सरदार घराण्यांतले, आई हंगेरियन. बालपणाचीं कांहीं वर्षें सिमल्यास काढून १९२९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ती कलाशिक्षणासाठीं पॅरिसला गेली. तेथें तिला मान मिळाला. १९३३ मध्यें तिच्या 'तरुण मुली' या चित्रास सुवर्णपदक लाभलें. तेथेंच राहिली असती तर तिला कांहीं उणें पडलें नसतें. परंतु आपलें कार्यक्षेत्र हिंदुस्थान आहे अशी तिची खात्री झाली व १९३४ च्या अखेरीस ती परत आली. पुढच्याच वर्षीं तिनें 'तीन मुली' हें चित्र काढलें. त्यांत ना देखावा, ना दागदागिने. तीन साध्या मुली खालीं नजर लावून बसल्या आहेत, एवढेंच. या चित्रास १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें.

१९३६ च्या अखेरीस ती मुंबईस आली, आणि अजिंठा व वेरूळ पाहून पुढें दक्षिणेस थेट कन्याकुमारीपर्यंत गेली. परत सिमल्यास आल्यावर १९३७ मध्यें तिनें तीन मोठीं चित्रें रंगविलीं. एवढ्या लांबच्या प्रवासांतून तिनें काय आणलें असेल बरें ? उंच गोपुरें ? कन्याकुमारीचा समुद्र ? नाहीं. एका चित्रांत नववधूचा शृंगार चालला आहे, दुसऱ्यांत ब्रह्मचारी बसले आहेत, तिसऱ्यांत खेड्यांतलीं माणसें बाजाराला निघालीं आहेत. जें तेथील लोक नित्य पाहत आणि म्हणूनच ज्याकडे कधीं लक्ष देत नसत, तेंच तिनें उचललें. अजिंठ्याच्या भिंतींवर माणसांचे समूह कसे गुंफले आहेत, मातकट रंग कसे तेजाळ होतात, निरर्थक तपशील कसा गाळला आहे, हें तिनें डोळे भरून पाहिलें होतें. अजिंठ्याहून तिनें नेली ती पाहण्याची रीत. विषय तिला वाटेवर आणि घराघरांत मिळाले. पुढें गोरखपूर जिल्ह्यांतील सराया या गांवीं राहत असतांनाहि खाटेवर विसावलेली स्त्री, झोके घेणाऱ्या मुली, असलेच विषय तिनें हातीं घेतले. ५ डिसेंबर १९४१ रोजीं लाहोर येथें, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, तिचें निधन झालें.

"परंतु यानें पोट भरतें काय ?" असें कोणी पालक विचारतील. घराच्या मोकळ्या जागेंत विसावलेलीं माणसें दाखविणारें तिचें १९३७ चें 'द स्टोरी टेलर' हें चित्र २०२३ साली लिलावांत ६१ कोटी ८० लाख रुपयांस विकलें गेलें. हा आंकडा मी लोभ दाखविण्यासाठीं सांगत नाहीं. त्यांतला एक पैसाहि चित्रकर्त्रीच्या हातीं पडला नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, जें दृश्य आपण 'यांत काय आहे' म्हणून टाकून देतों, त्याचें मोल जगास उशिरां कां होईना, पण कळतें.

आतां घरांतल्याच विषयाचें उदाहरण पाहा. सावंतवाडीस जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले सांवळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें 'ग्लो ऑफ होप' हें जलरंगांतील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. एक स्त्री हातांत दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा तिनें आडोसा धरला आहे, आणि बोटांतून ज्योतीचा उजेड लालसर पाझरतो आहे. ही स्त्री म्हणजे त्यांची स्वतःची कन्या गीता. दिवा व मुलगी आपल्यापैकीं कोणाच्या घरीं नाहीं ?

"मग प्रवास निरुपयोगी समजावा काय ?" असा प्रश्न माझ्या एका सहशिक्षकानें केला. मुळींच नाहीं. पॅरिस व अजिंठा पाहिल्यावांचून अमृतेचा हात तसा चालला नसता. संवयीची जी धूळ आपल्या डोळ्यांवर बसते, ती परगांवीं गेलें कीं झडते. तेथें साधी पाण्याची घागरहि नवी वाटते. प्रवासाचा खरा लाभ हा कीं, तो नवा डोळा घेऊन घरीं परतावें. आमची शाळेची सहल मात्र कशी होते ? मुलें मोबाइलवर शेंदीडशें छायाचित्रें घेतात, आणि दुसऱ्या दिवशीं विचारावें तर वाट दाखविणाऱ्याच्या डोक्यावर टोपी होती कीं फेटा, हें एकालाहि सांगतां येत नाहीं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : यापुढें स्पर्धेंत मुलानें त्या आठवड्यांत स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलेंच चित्र स्वीकारावें, मग तें पानपट्टीवाल्याचें असो, एस. टी. च्या थांब्याचें असो, कीं आईच्या चुलीचें असो. दुसरी : सहलींत निदान अर्धा तास मोबाइल पिशवींत ठेवून एकाच जागीं बसावें व पेन्सिलीनें दिसेल तें काढावें. तिसरी पालकांसाठीं : चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे गुण दहावीस उपयोगीं पडतात, त्याला माझी हरकत नाहीं, परंतु मुलास एक कोरी वहीहि द्या, आणि चित्र दाखविल्यावर "हुबेहूब आलें का?" असें न विचारतां "हें तुला कोठें दिसलें ?" असें विचारा.

त्या मुलाची मीं क्षमा मागितली, माझा शेरा खोडला व आजीचें चित्र पुन्हां काढ म्हणून त्यास सांगितलें. तो पेन्सिल घेऊन बसला आणि मजकडे पाहून म्हणाला, "सर, पाय केवढे काढूं ?"

मित्रांनो, त्या प्रश्नानें मला जितकें लाजविलें तितकें दुसऱ्या कशानेंहि लाजविलें नाहीं. मी म्हणालों, "मला विचारूं नकोस. आजीकडे पाहा."