दुएरोकाठचे मोकळे रस्ते

स्पेनमधला सोरिया प्रांत आणि आपला सातारा जिल्हा यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच, दहा हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात होती. सोरियाची आज नव्वद हजारांच्या आसपास आहे, आणि त्यातली चाळीसेक हजार माणसं एकट्या सोरिया शहरात राहतात. उरलेल्या मुलखात चौरस किलोमीटरमागे जेमतेम पाच माणसं.

सायकलवर बसलं की हे आकडे कानांना ऐकू येतात. अर्धा-पाऊण तास मागून एकही गाडी येत नाही. टायरचा आवाज, चंडोल आणि गव्हातून जाणारा वारा, एवढंच. स्पेनमध्ये सायकल चालवायची म्हटली की बहुतेक जण मायोर्का बेट किंवा जिरोना गाठतात. व्यावसायिक सायकलपटू सरावाला तिथे जातात, भाड्याच्या सायकलींची दुकानं पावलापावलावर आहेत. त्या भागांबद्दल माझी तक्रार नाही. पण मला विचाराल तर मी सोरियाच सुचवेन. माद्रिदहून आगगाडीने तीन तास लागतात. गाड्या दिवसातून मोजक्याच, म्हणून सायकलीची जागा आधी राखून ठेवावी.

रस्त्यांचा दर्जा उत्तम आहे. ओव्हरटेक करताना सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवणं स्पेनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. एका दिशेला दोन लेन असतील तिथे २०२२पासून पूर्ण लेन बदलूनच पुढे जावं लागतं. शेजारी-शेजारी दोघांनी सायकल चालवायलाही मुभा आहे. गावाबाहेर हेल्मेट मात्र सक्तीचं. कायदा पुस्तकात राहिलेला नाही, याचा अनुभव पहिल्याच दिवशी येतो: वळणावर मागून आलेला ट्रॅक्टर हॉर्न न वाजवता तुमच्या वेगाने मागे येत राहतो आणि समोरचा रस्ता दिसू लागल्यावरच पुढे जातो.

सोरिया शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर आहे. कवी आंतोनियो माचादो १९०७ साली इथल्या शाळेत फ्रेंच शिकवायला आला, इथेच त्याने लग्न केलं आणि १९१२मध्ये तरुण पत्नी गेल्यावर शहर सोडून गेला. दुएरो नदीच्या काठाने तो ज्या वाटेवर फिरायचा, तिथून पहाटे निघावं. पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर कालातान्यासोर लागतं. जुन्या राष्ट्रीय मार्गाला समांतर मोठा महामार्ग झाल्याने अवजड वाहनं तिकडे गेली आहेत. गावात एकच चढी, दगडी फरसबंदीची गल्ली, सॅबिना झाडाच्या लाकडाचे खांब असलेली घरं आणि माथ्यावर पडका किल्ला. ऑर्सन वेल्सने १९६५च्या ‘चाइम्स ॲट मिडनाइट’चं काही चित्रीकरण इथे केलं. मध्ययुगीन इंग्लंड म्हणून हे गाव दाखवताना त्याला फारसं काही बदलावं लागलं नसणार. एल बुर्गो दे ओस्मा त्यामानाने मोठं आहे. तिथलं कॅथेड्रल १२३२ साली बांधायला घेतलेलं. चौकातल्या कमानींखाली जेवावं, झोपावं आणि सकाळी गोर्मासची वाट धरावी.

गोर्मासचा किल्ला लांबूनच दिसू लागतो. सपाट शेतांमधून एक लांबट टेकडी उठते आणि तिच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तटबंदी. दहाव्या शतकात कोर्दोबाच्या खलिफांनी सरहद्दीवर बांधलेला हा दुर्ग त्या काळी युरोपातल्या सर्वांत मोठ्या दुर्गांपैकी एक होता. शेवटचा चढ छोटा पण खडा आहे, सगळ्यात हलका गिअर लागतो. वर पोचलं की घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानीतून खाली दुएरोचं वळण दिसतं. इतक्या मोठ्या किल्ल्याच्या पायथ्याशी मूठभर माणसांचं गाव आहे. हे प्रमाण पुढे सगळीकडे भेटत राहतं.

बेर्लांगा दे दुएरोहून आठेक किलोमीटरवर सान बाउदेलियोचं चर्च आहे, आणि या सगळ्या वाटेवर माझा जीव जिथे अडकतो ते हेच ठिकाण. बाहेरून बघितलं तर उघड्या माळावरची दगडी खोली, खिडक्या जवळपास नाहीतच. अकराव्या शतकातलं बांधकाम. आत पाऊल टाकलं की मधोमध एक जाड खांब, आणि त्याच्या माथ्यातून आठ कमानी ताडाच्या झावळ्यांसारख्या चहूकडे फाकलेल्या. मागच्या बाजूला बुटक्या खांबांची रांगच रांग, कोर्दोबाच्या मशिदीची आठवण करून देणारी. ख्रिस्ती प्रार्थनेसाठी अरबी वळणाची इमारत बांधणारे हे लोक सरहद्दीवर राहत होते, आणि त्यांच्या हाताला दोन्हीकडचं शिक्षण होतं.

बाराव्या शतकात या भिंतींवर हत्ती, उंट, अस्वल, सशामागे धावणारे कुत्रे आणि घोडेस्वार रंगवले गेले. १९१७ साली इमारत राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. तरीही तिची मालकी जवळच्या कासियास गावातल्या शेतकऱ्यांकडे होती, आणि १९२२ साली त्यांनी ही चित्रं एका परदेशी व्यापाऱ्याला पासष्ट हजार पेसेतांना विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल मालकांच्या बाजूने लागला. १९२६मध्ये रंगाचा थर कापडावर चिकटवून भिंतीवरून उतरवण्यात आला आणि अमेरिकेत गेला. न्यूयॉर्क, बोस्टन, सिनसिनाटी, इंडियानापोलिस अशी त्याची वाटणी झाली. पुढे १९५७मध्ये सहा तुकडे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात परतले. त्याच्या बदल्यात सेगोविया प्रांतातल्या फुएन्तिदुएन्याच्या चर्चचं दगडी गर्भगृह न्यूयॉर्कला पाठवावं लागलं.

रंग उतरला तरी भिंतीत मुरलेला अंश राहिला. म्हणून आजही हत्तीची फिकट तांबूस आकृती तिथे ओळखू येते. त्या शेतकऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही. ज्या गावात पुढच्या पिढीला पोटासाठी बाहेर पडावं लागणार होतं, तिथे एवढ्या पैशाला नाही म्हणणं कुणाला जमलं असतं? दोष द्यायचाच तर स्मारक म्हणून शिक्का मारून पुढे जबाबदारी न घेणाऱ्या सरकारला द्यावा लागेल.

या मुलखाला नेहमीच असं दारिद्र्य नव्हतं. सोरियाची श्रीमंती मेरिनो मेंढीच्या लोकरीवर उभी होती. मेस्ता नावाच्या मेंढपाळ-मालकांच्या संघटनेला १२७३ साली राजाची सनद मिळाली आणि ती १८३६पर्यंत टिकली. शरद संपता संपता कळप दक्षिणेला एस्त्रेमादुराकडे निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. माणदेशातला धनगर पावसाळा सरल्यावर बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरतो आणि मृगाआधी वर येतो, अगदी तसंच. फरक इतकाच की इथे त्या वाटेला कायद्याचं संरक्षण होतं आणि अजूनही आहे. मुख्य वाट नव्वद ‘वारा’ (जुनं स्पॅनिश माप), म्हणजे पंचाहत्तर मीटर रुंद असायची. १९९५च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालकीच्या ठरवल्या आणि पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांना मोकळ्या ठेवल्या. डांबरी रस्त्याच्या कडेने मध्येच गवताचा रुंद पट्टा जाताना दिसतो, तो हाच. आपल्या धनगरांच्या वाटांना असा कायदा असता, तर किती भांडणं टळली असती!

लोकर गेली, मग माणसं गेली. १९५० साली या प्रांतात दीड लाखाहून अधिक लोक होते. तरुण बार्सेलोना, सारागोसा, माद्रिदच्या कारखान्यांत गेले. १९८५मध्ये वायादोलिद ते आरिसा आणि बुर्गोस ते कालातायुद या दोन्ही रेल्वेमार्गांवरची प्रवासी वाहतूक बंद झाली. दुसऱ्या मार्गाच्या काही भागावर आता सायकलींसाठी ‘हिरवा मार्ग’ आहे. १९९३पासून स्पेनने बंद पडलेल्या लोहमार्गांचं असं रूपांतर सुरू केलं आणि त्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. चढ सौम्य, बोगदे गार, मुलांना घेऊन जावं असा रस्ता. मी त्यावरून आनंदाने सायकल चालवते. पण बंद स्थानकाच्या फलाटावर पाणी प्यायला थांबले की वाटतं, या गावांना सायकलवाटेपेक्षा गाडीची गरज जास्त होती.

म्हणून मी गावातल्या बारमध्ये थांबते, आणि माझ्यामागून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबायला सांगते. इथला बार म्हणजे सकाळची कॉफी, दुपारचं जेवण, संध्याकाळचा पत्त्यांचा डाव आणि ज्यांच्या घरी दुसरं कुणी नाही त्यांची दिवसातली एकमेव भेट. लहान गावांत त्याला अजूनही ‘तेलेक्लुब’ म्हणतात, कारण १९६०च्या दशकात सरकारने गावोगावी एक टीव्ही बसवून अशी सामायिक खोली दिली होती. किराणा दुकान, शाळा, बँक बंद झाली तरी बार टिकवायची धडपड चालू असते. काही ठिकाणी नगरपालिका बार चालवायला येणाऱ्या कुटुंबाला राहायला घरही देते. पाव बाहेरगावाहून गाडीने येतो. गाडी चौकात हॉर्न वाजवते आणि दारं उघडतात. अशाच एका बारमध्ये लसणावर परतलेल्या पावाच्या चुऱ्याचं ताट, म्हणजे मेंढपाळांचं ‘मिगास’, माझ्यासमोर ठेवताना चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, “सायकलवाले बरे. गाडीवाले फोटो काढून जातात, तुम्हाला भूक लागते.”

एल सिद या मध्ययुगीन योद्ध्याच्या महाकाव्यावर बेतलेला ‘कामिनो देल सिद’ हा प्रवासमार्ग याच भागातून जातो. त्याच्या डांबरी रस्त्यावरच्या सायकलमार्गावर पाट्या आहेत आणि प्रवाशाला एक परवाना-पुस्तिका मिळते. त्यावरचे शिक्के बऱ्याचदा बार आणि खानावळींत मारून मिळतात. ज्याने कुणी ही योजना आखली, त्याला गावाची नस कळली होती. शिक्क्यासाठी आत शिरलेला माणूस खाल्ल्याशिवाय बाहेर पडत नाही.

राजकारणातही या ओस पडत चाललेल्या गावांचा आवाज पोचला आहे. ‘सोरिया या’, म्हणजे ‘सोरिया आता’, या नागरिकांच्या चळवळीने २०२२च्या प्रादेशिक निवडणुकीत प्रांताच्या पाचपैकी तीन जागा जिंकल्या. मागण्या साध्या होत्या: डॉक्टर, रेल्वे, इंटरनेट.

सायकलसाठी मे-जून आणि सप्टेंबर उत्तम, असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. मेमध्ये हिरव्या गव्हात पॉपीची लाल फुलं असतात, सप्टेंबरात ऊन सौम्य होतं. तरी एकदा ऑगस्टमध्ये जा. ऊन लवकर चढतं, म्हणून उजाडताच निघून दुपारी एकच्या आत मुक्काम गाठायचा. त्या महिन्यात गाव सोडून गेलेली माणसं गावजत्रेसाठी परत येतात. दहा घरांच्या गावात शंभर माणसं जेवायला बसतात, आज्या नातवंडांना पोहायला नेतात, चौकात रात्री दोनपर्यंत बँड वाजतो. फक्त खोली महिनाभर आधी सांगून ठेवा, कारण तेव्हा एकही पलंग रिकामा नसतो.