सायबर तासाला मुलगे बसणार आहेत ना?

3 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईत राज्य पोलिस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याचे उद्घाटन झाले. तिथे अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीवर आलेला प्रसंग सांगितला. ऑनलाइन खेळ खेळताना समोरच्या अनोळखी माणसाने ती मुलगा की मुलगी हे विचारले आणि मग नग्न फोटो मागितला. तिने खेळ बंद केला आणि आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या मुलांना आठवड्याला एक ‘सायबर तास’ ठेवा, अशी मागणी त्यांनी मुख्यमंत्र्यांकडे केली.

मागणी रास्तच आहे. पण ती मुलगी वाचली ती कशामुळे? पासवर्डमुळे नव्हे, तर तिला आईला सांगता आले म्हणून. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, मुलुंडच्या चाळीत किती मुलींना हे शक्य आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते; स्त्रियांपैकी फक्त 33 टक्क्यांनी. मुश्किलीने हाती आलेला फोन तोंड उघडताच जाणार, शाळा सुटणार, लग्नाची घाई होणार, हे मुलीला पक्के ठाऊक असते. म्हणून ती गप्प बसते. धमकावणाऱ्याचे सगळे बळ या गप्प बसण्यातच असते.

आणि आपण मुलींना शिकवतो काय? फोटो टाकू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका. आता तर स्नेहसंमेलनातल्या एका साध्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्ता नग्न चित्र तयार करते. मग मुलींनी स्नेहसंमेलनालाही जाऊ नये का?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मथुरा प्रकरणात न्यायालयाने प्रतिकाराच्या खुणा तिच्याच अंगावर शोधल्या. त्याविरुद्ध 1980 साली आपण रस्त्यावर उतरलो, 1983 मध्ये कायदा बदलला. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न मात्र गेला नाही. तो आता ‘फोटो टाकलासच कशाला?’ असा विचारला जातो.

जानेवारी 2022 मध्ये ‘बुल्ली बाई’ अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. या प्रकरणी अटक झालेल्यांत एक तरुणीही होती आणि विशीतले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही होते. त्यांना संगणक शिकवायला कोणी विसरले नव्हते. समोरची बाई माणूस आहे, हे शिकवायचे राहून गेले.

म्हणून सायबर तास हवाच, पण आपल्या अटींवर:

1. तो मुलामुलींना एकत्र शिकवावा. परवानगीशिवाय फोटो काढणे, पुढे पाठवणे, त्यावर हसणे हा अन्याय आहे, हे मुलग्यांना स्पष्ट सांगावे.

2. अल्पवयीन मुलीकडे असा फोटो मागणे हा 2012 च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे आणि तिने फोटो पाठवला असला तरी गुन्हेगार ती नव्हे, हे प्रत्येक वर्गात सांगावे.

3. तक्रार करणाऱ्या मुलीचा फोन आणि शाळा बंद होणार नाही, याची हमी शाळेने पालकसभेत घ्यावी.

4. ज्या बाईंशी मोकळेपणी बोलता येईल अशी समुपदेशक शाळेत असावी. 1098 हा क्रमांक फळ्याशेजारी लिहिलेला असावा.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपले गट आहेत. जवळच्या शाळेत जा, पालकसभेत उभ्या राहा आणि या तासाला काय शिकवणार ते लेखी मागा. आपण विचारले नाही, तर हा तासही मुलींना ‘सांभाळून राहा’ एवढेच सांगून संपेल.