निकाल द्या, कारणेही द्या

विद्यापीठांमध्ये विभागांना स्पर्धेतून अंतर्गत निधी देण्याची पद्धत आता रुळली आहे. परिपत्रक निघते, विभागप्रमुख घाईघाईने प्रस्ताव पाठवतात, छाननी समितीपुढे सादरीकरण होते, वित्तीय मान्यतेचे सोपस्कार पार पडतात आणि मंजुरीची यादी लागते. यादीत विभागाचे नाव आणि रक्कम असते. अमुक प्रस्ताव का निवडला आणि तमुक का वगळला, याबद्दल तीत अवाक्षरही नसते. विद्यापीठाचा पैसा वाटताना कारण लेखी देण्याची सक्ती नसणे हा या पद्धतीतला मूळ दोष आहे. बाकीचे बरेच दोष त्याच्याच आडोशाने टिकून राहतात.

बाहेरच्या संस्थेकडे अर्ज करणे आणि घरच्या समितीपुढे जाणे यांत मोठा फरक आहे. इथे परीक्षक आणि अर्जदार एकाच इमारतीत बसतात, विद्या परिषदेत एकमेकांसमोर येतात, निवडणुकीत एकमेकांची मते मागतात. वाढपी ओळखीचा असेल तर पंगतीच्या टोकाला बसलेल्याचेही पान भरते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे संबंधित सदस्याने आपल्या विभागाच्या वेळी बाहेर जाऊन बसायचे. तो पुरत नाही, हे स्वीडनमध्ये दिसून आले आहे. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्तींचे गुणांकन क्रिस्टिन वेनेरास आणि अग्नेस वोल्ड यांनी तपासले. १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखानुसार, पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्री अर्जदाराला सुमारे अडीचपट काम दाखवावे लागत होते. समितीत ओळखीचा सदस्य असलेल्या अर्जदारांनाही झुकते माप मिळत होते. तो सदस्य स्वतः गुण देत नसे, तरी बाकीचे सदस्य त्याची कसर भरून काढत. हे उघड झाले, कारण ते गुण सार्वजनिक दस्तऐवज आहेत असा निकाल तिथल्या न्यायालयाने दिला. परिषद ते द्यायला तयार नव्हती.

निकषांचीही हीच गत आहे. शोधनिबंधांची संख्या आणि त्यांचे उद्धरण हीच मोजपट्टी धरली तर रसायनशास्त्राचा विभाग मराठी, इतिहास किंवा पाली विभागाच्या पुढे राहणारच. रसायनशास्त्रात अनेकांनी मिळून वर्षाला कित्येक निबंध लिहिण्याची रीत आहे. हस्तलिखितांची संपादित आवृत्ती किंवा बोलीचा कोश यांना वर्षे लागतात आणि हाती येतो एकच ग्रंथ. म्हणून तुलना विद्याशाखेच्या आत व्हावी आणि निकषांचे भारांक अर्ज मागवण्यापूर्वी जाहीर व्हावेत. निकष आधी कळले की विभाग त्यांनाच धरून प्रस्ताव लिहितील, असे म्हटले जाते. त्यात गैर काय? निकष योग्य असतील तर तसेच व्हायला हवे, आणि अयोग्य असतील तर ते निदान वेळेत दिसतील.

कारणे उघड केली तर परीक्षक मोकळेपणाने लिहिणार नाहीत, हा जास्त गंभीर आक्षेप आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मार्ग २०११ मध्येच दाखवला आहे. माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, मात्र परीक्षकाची ओळख झाकून ठेवावी, असे आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात न्यायालयाने सांगितले. हाच न्याय प्रस्तावांना लावता येईल. नावे झाकावीत, गुण आणि शेरे द्यावेत. गुणवत्तेचा निर्णय बाहेरच्या तज्ज्ञांवर सोपवावा. जागा, यंत्रसामग्री, मनुष्यबळ आहे की नाही, एवढे घरच्या समितीने पाहावे, कारण ते तिलाच नीट ठाऊक असते.

गुण दाखवले की वाद वाढतील, असेही कुणी म्हणेल. वाढतील, कारण तज्ज्ञांमध्येही एकमत नसते. अमेरिकेत २५ प्रस्ताव ४३ परीक्षकांना देऊन केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच प्रस्तावाबद्दल परीक्षकांत सहमती जवळपास आढळलीच नाही. पण त्यामुळे कारणे लपवणे समर्थनीय ठरत नाही. उलट दशांशाच्या फरकाने लावलेला क्रम किती कच्चा आहे, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्यातून येईल. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका योजनेत पात्र प्रस्तावांमधून सोडत काढणे स्वीकारले आहे. सीमारेषेवरच्या प्रस्तावांसाठी आपल्यालाही तो पर्याय आजमावता येईल.

उरतो रक्कम लहान असल्याचा मुद्दा: लाख-दोन लाखांसाठी एवढा खटाटोप कशाला? नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अभ्यासात याचे उत्तर मिळते. थोडक्यात निवडले गेलेल्यांनी पुढच्या आठ वर्षांत थोडक्यात हुकलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त निधी मिळवला. हुकलेल्यांनी नंतर अर्जच कमी केले, हे त्याचे एक कारण होते. लहान नकारही विभागाला स्पर्धेबाहेर ढकलू शकतो. काय सुधारायचे हे लेखी कळले तर तो पुन्हा उभा राहण्याची शक्यता वाढते.

यासाठी नवा कायदा किंवा जादा पैसा लागत नाही. निकष व भारांक आधी जाहीर करणे, बाहेरचे परीक्षक नेमणे आणि प्रत्येक विभागाला गुणांसह लेखी शेरे देणे, ही तीन कलमे पुढच्या परिपत्रकात घालता येतील. व्यवस्थापन परिषदांनी ती घालावीत. त्या घालत नसतील, तर अधिसभेतल्या निवडून आलेल्या सदस्यांनी हा प्रश्न विचारावा.