‘मांडणशिल्प’ या शब्दात न मावणारा आवाज

इन्स्टॉलेशन आर्टसाठी ‘मांडणशिल्प’ हा शब्द मराठी समीक्षेत आता रुळला आहे. शब्द नेटका आहे. परंतु ‘मांडणे’ आणि ‘शिल्प’ ही त्याची दोन्ही अंगे डोळ्यांशी बांधलेली आहेत. आवाजाला त्यात जागा नाही. परिणामी अशा कलाकृतींविषयी बोलताना आपण दिसते तेवढे सविस्तर सांगतो आणि शेवटी ‘शिवाय तिथे ध्वनीही आहे’ असे एक वाक्य जोडतो. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात आम्ही हेच अनुभवले. पडद्यावर एकामागून एक छायाचित्रे आली, वक्ते व्यासंगी होते, पण तासाभरात त्या कृतींतला एकही स्वर सभागृहात उमटला नाही. त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटले नाही. त्या वेळी आम्हांलाही नाही.

आमचे मत पुढे बदलले ते मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या एका कृतीमुळे. ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ ही त्यांची २०१७-१८ मधील कृती कोची आणि व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांत मांडली गेली. अंधारलेल्या दालनात १०० लोखंडी गज उभे आहेत. प्रत्येक गजावर कवितेच्या ओळी छापलेला एक कागद खुपसलेला आणि वर एक मायक्रोफोन टांगलेला. हे कवी सातव्या शतकापासून आजपर्यंतचे. लेखनामुळे वा राजकीय भूमिकेमुळे कैदेत गेलेले. मायक्रोफोनची जोडणी उलटी केल्यामुळे तो बोललेले टिपत नाही, स्वतःच बोलतो. एका मायक्रोफोनमधून ओळी उमटतात आणि उरलेले ९९ त्यांना साथ देतात. कृतीचे नाव नसीमी या अझरबैजानी कवीच्या गझलेवरून घेतले आहे. त्याचा मराठी आशय ‘तुमच्या भाषेत मी मावत नाही’ असा सांगता येईल. ‘मावणे’ हे क्रियापद मुळात जागेचे आहे. आवाज आणि अवकाश यांचा संबंध शीर्षकातच आला आहे.

ही कृती आम्ही प्रत्यक्ष अनुभवलेली नाही. अहमदपुरात बसून मोबाईलवर तिच्या ध्वनिचित्रफिती तेवढ्या पाहिल्या. शब्द ऐकू आले, भाषांचे वेगळेपण कळले, तरी काहीतरी हरवले होते. शंभर कंठ एकाच छिद्रातून येत होते. डोळ्यांना पाठीमागचे दिसत नाही. कानाला मात्र पाठ नसते. त्या दालनात आवाज मागून आला की माणूस वळणार, शोधत जाणार, आणि जिथे कवी असावा तिथे त्याला एक गज दिसणार. कवी नसल्याची जाणीव त्या वळण्यातून होते. छायाचित्रात ती येत नाही, मोबाईलच्या आवाजातही येत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की घुमणारी जागा ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आक्षेप रास्त आहे. आमच्याकडच्या सहली सोलापूरमार्गे विजापूरला जातात. तिथे गोलघुमटात, म्हणजे १६५६ साली निवर्तलेल्या मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवर, आतल्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबुज सुमारे ३८ मीटर दूर समोरच्या बाजूला ऐकू येते, कारण ध्वनिलहरी वक्र भिंतीला धरून सरकतात. घुमट केवढा मोठा आहे हे मुलांना पाहून कळत नाही, आरोळी दिल्यावर कळते. मात्र घुमट ज्याचा आवाज त्यालाच परत करतो. गुप्तांच्या दालनात ज्याचा आवाज दाबला गेला त्याचा शब्द परत येतो, आणि तो भिंत देत नाही. इतर बंदिवान कवी देतात. प्रतिध्वनीचे असे सोबतीत रूपांतर होणे, हे या कृतीचे खरे श्रेय आहे असे आम्ही मानतो.

ही रचना आपल्याला परकी नाही. कीर्तनकार अभंगाचा चरण सोडतो आणि मागे उभे टाळकरी ध्रुपद धरतात. मंदिराच्या मंडपात बसलेल्या श्रोत्याला कोणता आवाज कुठून आला हे कळते. भोंगा लागला की सारे आवाज एका दिशेने येतात. आवाज वाढतो, पण मंडप नाहीसा होतो.

आपल्या वर्गांत याहून वेगळे काय घडते? अभंगही आपण पाठ्यपुस्तकातून, एकट्या प्राध्यापकाच्या आवाजात, समोरून शिकवतो. मागे एकदा आम्ही विद्यार्थ्यांना वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभे केले. एकाने चरण म्हणायचा, इतरांनी ध्रुपद धरायचे. पहिल्यांदा हसू झाले, मग वर्ग शांत झाला. एरवी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची मुले त्या दिवशी ऐकू आली. अर्थविवेचन आम्ही त्यानंतर केले आणि ते नेहमीपेक्षा थोडक्यात आटोपले.

‘मांडणशिल्प’ हा शब्द टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. अशा कृतीवर लिहिताना ‘काय दिसले’ याच्या आधी ‘आवाज कुठून आला’ हे नोंदवावे, एवढेच आमचे मागणे आहे. कवितेवर लिहितानाही ते लागू पडेल.