कंबरेला ‘घोडा’ असता तर?

मार्च 2024 मधला इंदापूरचा सीसीटीव्ही व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला असेल. पुणे-सोलापूर महामार्गावरचं हॉटेल, जेवायला बसलेला तरुण, मागून झाडलेल्या गोळ्या आणि पाठोपाठ कोयते घेऊन धावलेली टोळी. सोबतचे उठून पळाले. असा व्हिडिओ पाहिला की कॅन्टीनमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, “त्याच्याकडे पण घोडा असता ना, दोघा-तिघांना आडवं केलं असतं!”

खरंच केलं असतं?

आधी शरीराचं बघा. जिवावर बेतलं की छाती धडधडते, हात थरथरतात, नजर एकाच जागी खिळते. पळायला हे शरीर तयार असतं, नेम धरायला नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं. मागे वर्षानुवर्षांचा सराव. पण ते टार्गेट अंगावर धावून येत नाही आणि उलट गोळीही झाडत नाही.

उलट गोळी आली की काय होतं? न्यूयॉर्क पोलिसांच्या 1998 ते 2006 मधल्या गोळीबारांचा ‘रँड’ या संस्थेनं अभ्यास केला. समोरूनही गोळीबार होत असताना या प्रशिक्षित पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी 18 गोळ्याच लागल्या. बाकीच्या कुठे तरी जातातच. 2012 मध्ये तिथल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका हल्लेखोरावर 16 गोळ्या झाडल्या. त्या गोळ्या आणि त्यांचे तुकडे लागून रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले.

हल्लेखोर एकापेक्षा जास्त असले तर? 26/11 च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ कसाब आणि अबू इस्माईलनं पोलिसांच्या क्वालिसवर गोळीबार केला. आत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर होते. साळसकरांचं तर नावच चकमकींसाठी होतं. कसाबच्या हाताला गोळी लागली, तरी तिघेही वाचले नाहीत. मागे बसलेले अरुण जाधव जखमी झाले, त्यांना बंदूक उचलता येईना. पहिला क्षण हल्ला करणाऱ्याचा असतो. तुम्ही एकाकडे बघेपर्यंत दुसरा बाजूनं आलेला असतो.

मग तुमचा गावठी कट्टा काय करणार? अनेक कट्ट्यांत एका वेळी एकच गोळी बसते. तो ऐन वेळी अडकतो, कधी हातातच फुटतो. आणि विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन वर्षांची कैद. करिअरचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

सप्टेंबर 2024 मध्ये बारामतीत कॉलेजच्या आवारात बारावीतल्या मुलावर कोयत्यानं वार झाले, त्यात तो गेला. आरोप कॉलेजमधल्याच मुलांवर. कारण म्हणे आधीचा वाद. म्हणजे वाचवायला वेळ होता, पण तो कोयता निघण्याआधी. म्हणून भांडण धुमसत असेल, कुणी “बघून घेतो” म्हणत असेल, तर सरांना, घरी, पोलिसांना सांगा. याला चुगली म्हणत नाहीत. टोळकं अंगावर आलंच तर पळा, गर्दीत शिरा, 112 लावा. पळणं म्हणजे भित्रेपणा नाही. जगायचा चान्स त्यातच जास्त आहे.

आणि एखाद्या मित्राच्या स्टेटसला ‘घोडा’ दिसला, तर लाईक नका करू. फोन करून आजच काढायला लावा.