पुराव्याचे ओझे कोणी वाहावयाचे?

आपल्या शरीराची झालेली हानी नोकरीमुळेच झाली हे माजी सैनिकाने सिद्ध करावे, आणि ते सिद्ध करण्यास लागणारा प्रत्येक कागद मात्र सरकारच्या कपाटात असावा, अशी एक विपरीत रीत आपल्या देशात वर्षानुवर्षे चालत आली आहे. नियम या रीतीच्या बाजूचे नव्हते, सर्वोच्च न्यायालयाने तर तिला स्पष्ट शब्दांत दोष दिला. तरीही ती मोडली नाही. तिचा जाच ज्यांना सोसावा लागतो ते लोक दिल्लीस राहत नाहीत. ते माढा, मोडनिंब, टेंभुर्णी अशा गावी राहतात. म्हणून हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत.

पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे माढ्यास शिक्षकी केली. त्या काळचा आमचा एक विद्यार्थी १९९९ साली फौजेत भरती झाला आणि १७ वर्षांच्या नोकरीनंतर २०१६ मध्ये हवालदार म्हणून घरी परतला. मध्यंतरी तो आमच्याकडे आला तो एका जुन्या पाकिटासह. त्यात इंग्रजीतील एक छापील पत्र होते. रक्तदाबाच्या विकाराने त्यास ३० टक्के अपंगत्व आले असल्याचे सैन्याच्याच वैद्यकीय मंडळाने मान्य केले होते; परंतु हा विकार 'लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही', सबब अपंगत्वाचे वेतन देता येत नाही, एवढेच त्या पत्रात होते. कारण काय? तर विकार प्रथम आढळला तेव्हा त्याची नेमणूक शांततेच्या ठाण्यावर होती. त्याआधीची वर्षे त्याने काश्मीरात आणि ईशान्य सीमेवर काढली होती, याचा त्या पत्रात उल्लेखही नव्हता. जणू रक्तदाब हा बदलीचा हुकूम पाहून अंगात शिरतो!

"अपील का केले नाहीस?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, बोर्डाच्या कागदावर सही तर माझीच आहे." सही केली म्हणजे निकाल कबूल केला, अशी त्याची समजूत होती. सहा महिन्यांच्या आत अपील करता येते हे त्यास कोणी सांगितले नव्हते. सांगितले असल्यास ते ज्या भाषेत सांगितले ती त्यास कळली नव्हती. आम्ही वर्गात मुलांकडून रजेचे अर्ज घोटवून घेत असू, समास सोडला नाही तर गुण कापीत असू. आपल्या हक्काचा अर्ज कसा लिहावा हे मात्र आम्ही एकाही मुलास शिकविले नाही, ही खंत त्या दिवशी आमची आम्हांसच वाटली.

फौजेतले लोक ज्यास 'डिसॅबिलिटी पेन्शन' म्हणतात त्याचे मूळ गणित अवघड नाही. अपंगत्व निदान २० टक्के असावे, आणि ते सेवेमुळे उद्भवलेले अथवा बळावलेले असावे. नेहमीचे निवृत्तिवेतन मिळत असले तरी त्यावर हा भाग अधिक मिळतो; १०० टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी अपंगत्वास त्या प्रमाणात. शिवाय ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० टक्के धरावे, ही जी सवलत आधी आजारपणामुळे मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांनाच होती, ती मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ठरविले. अखेरचे वेतन ४०,००० रुपये असेल तर ३० टक्के अपंगत्वाचे दरमहा ३,६०० रुपये होतात. तेच ५० टक्के धरले की ६,००० होतात, व त्यावर महागाईची वाढ वेगळी. तालुक्याच्या गावी औषधपाणी आणि एका मुलाचे शिक्षण निघेल एवढी ही रक्कम आहे.

खरा वाद आहे तो दुसऱ्या अटीचा. १९८२ च्या नियमांतच असे म्हटले होते की, हक्काच्या अटी सिद्ध करण्यास अर्जदारास सांगू नये आणि वाजवी संशयाचा फायदा त्यासच द्यावा. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी हेच तत्त्व उचलून धरले. हा जवान १९८५ मध्ये सिग्नल्स दलात भरती झाला व फेफऱ्याच्या विकारामुळे १९९४ मध्ये घरी पाठविला गेला; विकार 'प्रकृतिजन्य' म्हणून वेतन नाकारले गेले. भरतीच्या वेळी तपासणी सैन्याच्याच डॉक्टरांनी केली. त्या वेळी काही दोष लिहून ठेवला नसेल तर माणूस निरोगी होता असे धरलेच पाहिजे, आणि पुढे झालेला विकार सेवेमुळे झाला नाही हे दाखविण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे न्यायालय म्हणाले. प्रवेशपरीक्षा घेऊन मुलास वर्गात घ्यावयाचे आणि शाळा सोडताना तो पूर्वीपासूनच अक्षरशत्रू होता असे दाखल्यावर लिहावयाचे, हा व्यवहार कोणत्या मुख्याध्यापकास शोभेल? एवढी साधी गोष्ट कबूल करून घेण्यास त्या जवानास १९ वर्षे लागली.

इतके झाल्यावर तरी सरकारने स्वस्थ बसावयाचे! संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, आणि अपंग सैनिकांविरुद्धची अपिले मागे घ्यावीत असे तिने सुचविले. तरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाने सैनिकांच्या बाजूने दिलेल्या निकालांविरुद्ध केंद्र सरकारने केलेल्या सुमारे ३०० याचिका दिल्ली उच्च न्यायालयास जुलै २०२५ मध्ये एकगठ्ठा फेटाळाव्या लागल्या. या खटल्यांचा खर्च करदात्यांच्या पैशातून होतो, हे आमच्या सुशिक्षित वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या सवलतीचा दुरुपयोग होतो, असे दुसऱ्या बाजूने म्हटले जाते. अधिकाऱ्यांत असे वेतन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा पुष्कळ मोठे असल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसून आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नियमही नव्याने करण्यात आले. खोटे दावे रोखले पाहिजेत, याविषयी आमचे दुमत नाही. पण ज्यास वकील, इंग्रजी आणि ओळखीपाळखी यांपैकी काहीच उपलब्ध नाही, त्याचा खरा दावा त्या गाळणीत अडकू नये. पाय गमावलेला जवान आपणांस दिसतो, त्याच्यासाठी पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीस कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे, आणि १९६५ च्या युद्धातील जखमांनंतर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविणाऱ्या मुरलीकांत पेटकरांचा आपणांस रास्त अभिमान आहे. न दिसणाऱ्या विकाराचा सैनिक मात्र आपल्या लेखी संशयित ठरतो.

विलंबाची किंमतही त्यालाच द्यावी लागते. उशिरा दाद मागणाऱ्यास अर्जापूर्वीच्या ३ वर्षांचीच थकबाकी द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अशाच एका प्रकरणी ठरविले, आणि त्या आधाराने कित्येकांचा हक्क मान्य होऊनही मधली वर्षे बुडाली. तेव्हा ज्यांच्या पेटीत असे पाकीट पडून आहे त्यांनी ते आजच बाहेर काढावे. वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत अभिलेख कार्यालयाकडे लेखी मागावी. न दिल्यास २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. मुदत टळली असली तरी विलंबाचे कारण लिहून अपील करावे, आणि तेथे दाद न लागल्यास न्यायाधिकरणाचे मुंबईचे खंडपीठ गाठावे.

मागावयाचे ते आम्ही दिल्लीकडे मागतोच: नकाराचे पत्र सैनिकाच्या भाषेत असावे, कारणे सविस्तर असावीत, आणि मंडळाच्या कामकाजाची प्रत निवृत्तीच्या दिवशीच हाती पडावी. परंतु सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातून एक ठरावीक दिवस त्या कार्यालयाचा जाणता माणूस माढ्याच्या तहसील कचेरीत बसावा, आणि तो दिवस ग्रामपंचायतींच्या फलकांवर मराठीत लिहिला जावा. आमच्या विद्यार्थ्याचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. सही करण्यापूर्वी त्याने या वेळी तो दोनदा वाचला.